दुरुस्तीचा हक्क लोणीच्या गॅरेजापर्यंत येऊ द्या

सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, कृषी भवन, नवी दिल्ली यांस



पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे नाव आपल्या दफ्तरात कधी आले असेल, तर ते भीमाशंकरच्या देवस्थानामुळे, डिंभे धरणामुळे किंवा ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गडप झालेल्या माळीण गावामुळे आले असेल; परंतु त्याच तालुक्याच्या पूर्व अंगास, जेथवर येता येता सह्याद्रीचा पाऊस थकून जातो, तेथे लोणी-धामणीचा अवर्षणग्रस्त टापू आहे, आणि हा अर्ज तेथून येत आहे. आपल्या विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांच्या जोडीस मोटारगाड्यांचाही अंतर्भाव केला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्या हक्काची बजावणी आमच्या मिस्त्रीच्या गॅरेजातील खड्ड्यापर्यंत झालेली नाही, एवढेच निवेदन करावयाचे आहे.

दणकट गाडी ही आमच्याकडे हौस नव्हे. रविवारी नाणेघाटाकडे किंवा आहुप्याकडे धुरळा उडवीत जाणाऱ्या थार गाड्या आम्ही कौतुकाने पाहतो. पण आमची बोलेरो किंवा पिकअप सोमवारी कांदा वाहते, मंगळवारी कडबा, आणि मध्यरात्री कोणाच्या पोटात दुखू लागले की रुग्णवाहिकाही तीच होते. वनखात्याच्या जुन्नर विभागातील गाड्यासुद्धा बिबट्याचे पिंजरे घेऊन आमच्याच वाटांनी हिंडतात.

या गाड्या कोठे मोडतात, हे आमच्या मिस्त्र्यांस तोंडपाठ आहे. मर्यादेबाहेर भरलेल्या मालाखाली मागचे कमानपाटे प्रथम बसतात आणि मग मुख्य पाटा सेंटर बोल्टपाशी तडकतो. खडीच्या रस्त्याने शॅकलचे बुश झिजले की गाडी वळणावर अंग टाकू लागते. ग्रीस भरण्याची हयगय झाली की प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस आधी चिवचिवतो, नंतर खडखडतो, आणि तरीही मालकाने कान बंद ठेवले तर शाफ्टच रस्त्यावर आणून टाकतो. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरण्याची खोड क्लचप्लेट जाळते. तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या पाण्यात एकाएकी निवला म्हणजे ब्रीदर तुंबलेला असल्यास झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेतो. ऑइल दुधाळ होते, आणि ते वेळीच बदलले नाही तर बेअरिंगांचा निकाल लागतो. शहरातून येणारे हौशी लोक तर फोर-बाय-फोरचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावरही ओढून ठेवतात. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, आणि या फरकाचा भुर्दंड ट्रान्स्फर केसच्या दात्यांना सोसावा लागतो.

यांपैकी बहुतेक दोषांत यंत्राचा अपराध थोडा आणि मालकाचा पुष्कळ असतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आणि त्यांतील बरेचसे काम पाना, जॅक व हातोडा यांच्या बळावर गावातच उरकते. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीप जोडावयास घेतली तेव्हापासून कमांडर, मार्शल आणि आरंभीची बोलेरो येथपर्यंत या घराण्याची ख्याती गावात दुरुस्त होण्याच्या याच एका गुणावर उभी राहिली. जुन्या डिझेल एंजिनास यांत्रिक पंप असे; बॅटरी उतरली तर चार माणसांचा धक्का पुरे होई, आणि नोझल बिघडले तर ते कोणते, हे मिस्त्री एकेक पाइप सैल करून नुसत्या आवाजावरून ओळखी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांचा अंमल सुरू झाला. त्या नियमांस माझा विरोध नाही. काळा धूर आमच्याही लेकरांच्या छातीत जातो. परंतु त्यांबरोबर आलेली, गॅरेजात ‘डीपीएफ’ म्हणून ओळखली जाणारी जाळी धुरातील काजळी अडवून ठेवते आणि सुमारे ६०० अंशांच्या उष्णतेत ती जाळून टाकते. ही उष्णता साधावयाची तर गाडी बऱ्या वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटे धावली पाहिजे. शेत ते वस्ती, वस्ती ते डेअरी अशी दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी तो योग कोठून आणणार? महामार्ग गाठावयाचा तर मंचर किंवा शिरूर. मग एके दिवशी फलकावर पिवळा दिवा लागतो, एंजिन आपली शक्ती आपणच आखडून घेते, आणि ज्याने चाळीस वर्षे जीपा उलगडल्या तो मिस्त्री बॉनेट उघडून निमूट पाहत राहतो. कारण दोष सांगणारे यंत्र आणि त्याची आज्ञावली कंपनीच्या अधिकृत केंद्रातच असते. तेथवर गाडी टोचन लावून न्यावी लागते, हा खर्च बिलाच्या आधीचा.

ते बिल आम्ही कांद्यात मोजतो. आमच्याकडे कांद्याचा भाव दहा किलोंवर बोलला जातो. तो शंभर रुपये निघाला, तर पन्नास किलोंची पिशवी पाचशे रुपयांची. म्हणजे बिल पन्नास हजारांचे आले तर त्यापोटी शंभर पिशव्या खर्ची पडतात, आणि त्यात बियाणे, मजुरी व वीज धरलेलीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के झाला, ही सवलत खरीच. पण जो भाग खुल्या बाजारात मिळतच नाही, त्याच्या किमतीवर कराच्या सवलतीने कितीसा अंकुश बसणार!

हा प्रश्न सरकारदरबारी नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार उत्पादकांस मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड फर्मावला तो याच कारणास्तव : सुटे भाग व दोष शोधण्याची साधने त्यांनी स्वतंत्र कारागिरांस मिळू दिली नव्हती. ही साधने खुली करावीत, आणि बाहेरच्या कारागिराचा हात लागला एवढ्याच सबबीवर वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असेही त्या हुकुमात होते. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद रंगले. लोणीच्या मिस्त्रीस मात्र त्या हुकुमाचा गंधही नाही. अडाणी हातांनी नाजूक यंत्र बिघडेल आणि नकली माल शिरकाव करील, ही कंपन्यांची हरकत मी पोकळ मानीत नाही. परंतु अस्सल भाग दुर्मिळ ठेवल्यानेच नकलीस गिऱ्हाईक मिळते.

मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी आपण नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. तोच निर्देशांक मालवाहू पिकअप आणि डोंगरी गाड्यांस लावण्याची तजवीज व्हावी, आणि त्यात अधिकृत केंद्राचे अंतर व दोषशोधक यंत्राची खुली विक्री यांस गुण असावेत. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका मराठीत असावी आणि काजळीच्या जाळीचा खुलासा तिच्या पहिल्या पानावर ठळक छापावा. हे पुस्तिकेचे काम तर कायद्याविना, एका परिपत्रकानेही साधेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडलेल्या मुलांस या नव्या एंजिनांचे शिक्षण देऊन त्यांना साधने रास्त दरात मिळतील, अशी अटही उत्पादकांस घालता येईल.

या पत्राचे उत्तर धाडावयाचे झाल्यास ते कृपया मराठीत धाडावे. गॅरेजात ते चार माणसांपुढे वाचले जाईल.



आपला,
लोणी (ता. आंबेगाव, जि. पुणे) येथील एक वाहनधारक