अदबीचे अंतर

खंड्या पक्ष्याचे एखादे उत्तम छायाचित्र पाहिले म्हणजे मन हरखून जाते. पाण्यावर ओणवलेल्या काटकीवर तो बसलेला असतो. त्याच्या पाठीवरील निळाई, छातीवरील शुभ्र पिसांचा झुबका, चोचीत धरलेल्या मासोळीच्या अंगावरून ओघळणारा पाण्याचा थेंब, हे सारे इतके स्पष्ट असते की, हात पुढे केला तर पक्षी बोटावर येऊन बसेल, असा भास व्हावा. दिनदर्शिकांवर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि आता तर मोबाइलच्या पडद्यावर अशी चित्रे आपल्या नित्य परिचयाची झाली आहेत. परंतु या चित्रांत एक गोष्ट कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची असते. ती म्हणजे चित्र घेणारा आणि पक्षी यांच्यामधील अंतर.

हे अंतर नाहीसे करून दाखविण्याची किमया टेलिफोटो भिंगाची आहे. नेहमीच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असले, तर दृश्य साधारणतः आपल्या डोळ्यांना दिसते तसे उमटते. त्याच जागी ४०० मिलिमीटरचे भिंग बसविले की प्रतिमा आठपट मोठी होते. म्हणजे ८० मीटरांवर बसलेला पक्षी जणू १० मीटरांवर आला! आता नाभीय अंतर एवढे वाढवावयाचे, तर भिंगाची नळीही तेवढीच लांब व्हावयास हवी. ही अडचण दूर करण्यासाठी पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंगे बसवून नळी आखूड करण्याची युक्ती १८९१ साली इंग्लंड व जर्मनी या देशांत जवळजवळ एकाच वेळी शोधून काढण्यात आली. आजची टेलिफोटो भिंगे ही त्या युक्तीचीच वंशज होत.

अर्थात या किमयेचे मोल चुकवावे लागते. प्रतिमा जितकी मोठी, तितका हाताचा कंपही मोठा होऊन उमटतो. म्हणून ५०० मिलिमीटरचे भिंग हाती धरून चित्र घ्यावयाचे असेल, तर कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा अधिक वेळ उघडी राहू नये, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. मोठ्या भिंगांचे वजन तीन किलोग्रॅमपर्यंत भरते आणि किंमत कित्येक लाखांच्या घरात जाते. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या माळावरून हवेच्या लहरी उठू लागल्या, म्हणजे एवढे सारे करूनही चित्र थरथरते येते. तेथे उत्तमोत्तम भिंगाचाही इलाज चालत नाही. त्यासाठी पहाटे उठावे लागते, दवात बसावे लागते आणि पुष्कळदा रिकाम्या हातांनी परतावे लागते. अशी तपश्चर्या करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे.

भिंगे एवढी समर्थ नव्हती, त्या काळी या छंदापायी लोकांनी काय काय केले, हे वाचून करमणूक होते. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांविषयी छायाचित्रांनी सजलेले एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे या बंधूंनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहून ते पक्ष्यांची चित्रे घेऊ लागले. पक्ष्यांना बैलाचे भय वाटत नाही, माणसाचे वाटते, ही गोष्ट त्यांनी अचूक हेरली होती. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने निराळीच युक्ती योजिली. रानातील पायवाटेवर तो एक बारीक तार बांधून ठेवीत असे. रात्री वाघाचा पाय त्या तारेला लागला की प्रकाश चमके आणि चित्र उमटे. वाघाने स्वतःचे चित्र स्वतःच काढावे, तसा हा प्रकार! चॅम्पियनचे या चित्रांचे पुस्तक १९२७ साली निघाले. आज वाघांची गणना करताना जंगलात जे स्वयंचलित कॅमेरे लावतात, त्यांचे मूळ याच कल्पनेत आहे. २०१८ सालच्या गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावण्यात आले होते.

याच मालिकेतील तिसरी कथा मात्र करमणुकीची नाही. एरिक हॉस्किंग हा इंग्रज छायाचित्रकार १९३७ साली एका घुबडाच्या घरट्याजवळ लपणी बांधून चित्रे घेत होता. एके रात्री पिलांच्या रक्षणासाठी घुबडाने त्याच्या तोंडावर झडप घातली आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. तरीही त्याने आपले काम सोडले नाही. पुढे तो जगप्रसिद्ध झाला. त्याच्या धैर्याची स्तुती सर्वांनी केली. घुबडाच्या बाजूने कोणी बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. पण त्या बिचाऱ्याने तरी दुसरे काय करावे?

टेलिफोटो भिंग समर्थ झाल्यापासून पोकळ बैलाची गरज उरली नाही आणि घुबडाच्या नखांचे भयही उरले नाही. माणसाने दूर बसावे, प्राण्याने आपल्या घरी निर्धास्त असावे, आणि तरीही त्याचे रूप आपल्याला डोळे भरून पाहावयास मिळावे, हेच या साधनाचे खरे वरदान होय. मग आता रानातील जीवांना पूर्वीपेक्षा अधिक स्वस्थता लाभली असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी उलटच घडताना दिसते. भिंग दूरचे दाखविते खरे, परंतु हाती मोठे भिंग आले की मनुष्याला वाटते, आणखी थोडे पुढे गेलो तर याहूनही मोठे दिसेल!

पुणे जिल्ह्यात भिगवणजवळ उजनी धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पंख मिटलेले असताना त्यांचा लाल रंग पुरता दिसत नाही. थवा उडाला म्हणजे आकाशात जणू गुलाल उधळल्यासारखा वाटतो. म्हणून होडी आणखी जवळ घेण्याची गळ नावाड्याला घातली जाते, होडी थव्यात शिरते आणि पक्षी उडतात. पूर्वी राजेरजवाड्यांच्या शिकारीत हाकारे रान उठवीत असत, त्याहून हे फारसे वेगळे नाही. उडालेला पक्षी चरणे सोडून उडालेला असतो. चिखलातून कण कण गाळून त्याने मिळविलेली शक्ती त्या एका चित्रापायी खर्ची पडते, आणि दिवसातून अशा होड्या किती येतात!

वाघांच्या बाबतीतही हेच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी पुढून व मागून एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडविली. पुढे वाहनचालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतः होऊन दखल घेतली. ज्या चित्रासाठी दूर राहणेच सोयीचे होते, त्यासाठी इतक्या जणांनी एका आईला कोंडीत धरावे, हे मला अद्याप उमगत नाही.

पण भिगवण आणि उमरेड ही तुमच्यापैकी अनेकांना दूरची गावे आहेत. टिटवी मात्र गावोगाव आहे. तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण जवळ जाण्याने काय घडते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.

टिटवी घरटे म्हणण्याजोगे घरटे बांधीतच नाही. उघड्या माळावर किंवा नांगरलेल्या रानात चार खडे इकडेतिकडे सारून ती तेथेच अंडी घालते. बहुधा चार अंडी असतात. मातीच्या रंगाची आणि काळपट ठिपक्यांची. तो रंग हेच त्यांचे कुंपण. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे त्यांवर बसतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे बसणे ऊब देण्यासाठी नसते, तर सावली धरण्यासाठी असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्या ओलाव्याने ती अंडी निववितानाही टिटव्या आढळल्या आहेत. अशा वेळी कोणी कॅमेरा घेऊन जवळ आला, तर टिटवी उठते, डोक्यावर घिरट्या घालते आणि आकांत मांडते. चित्र घेणाऱ्याला वाटते, पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न! पण त्या पाच-दहा मिनिटांत उघडी पडलेली अंडी तापू लागतात, आणि माणूस कोठे वाकून पाहतो आहे, हे कावळा वरून पाहत असतो. शिवाय एकाने चित्र मिळविले की तो दुसऱ्याला जागा सांगतो, दुसरा तिसऱ्याला. टिटवीचे ओरडणे अशुभ मानण्याची एक रीत आपल्याकडे आहे. ते अशुभ असेलही. पण कोणासाठी, याचा विचार ऐकणाऱ्याने करावा.

झाडाझुडपांतील घरट्यांची गत याहून वाईट. बुलबुल किंवा शिंजीर यांचे घरटे पानांच्या आडोशाला असते, आणि चित्रकाराला तर उजेड हवा असतो! म्हणून आड येणारी डहाळी दोरीने बाजूला ओढून बांधतात. काही जण ती तोडूनच टाकतात. चित्र सुंदर येते, पिलांच्या उघडलेल्या चोची मोजता येतात, आणि दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे सापडते. आपल्या देशातील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची व्याख्या करताना पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्यात गणले आहे. बंदूक नसली तरी शिकार होते, हे कायदा करणाऱ्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. 'ही चित्रे नसती, तर लोकांना वन्य जीवांविषयी प्रेम तरी कसे वाटले असते? जे कधी पाहिलेच नाही, त्याच्या रक्षणासाठी कोण झटेल?' हे म्हणणे मी मान्य करतो. शहरातील ज्या मुलाने माळरान पाहिलेले नाही, त्याला माळढोक ठाऊक आहे तो चित्रामुळेच. परंतु यावरून चित्रे असावीत एवढेच सिद्ध होते; ती कशीही मिळवावीत, हे सिद्ध होत नाही. धीर सुटला की माणूस कोठवर जातो, याची उदाहरणे मोठमोठ्या स्पर्धांत घडली आहेत. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या नामांकित छायाचित्र स्पर्धेत २००९ साली पहिल्या आलेल्या चित्रातील लांडगा बहुधा माणसाळविलेला होता, असे परीक्षकांच्या ध्यानी आले आणि ते पारितोषिक परत घेण्यात आले. त्याच स्पर्धेतील २०१७ चे एक विजयी चित्रही पुढच्या वर्षी बाद ठरले. कारण त्यातील मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. घरट्यांची चित्रे तर काही स्पर्धांनी स्वीकारणेच बंद केले आहे, आणि ते योग्यच झाले.

माझी एक सूचना आहे. छायाचित्राखाली पक्ष्याचे नाव असते, तारीख असते, कोणते भिंग वापरले तेही पुष्कळदा दिलेले असते. त्यांच्याच ओळीत अंतरही लिहावे: 'सत्तर मीटरांवरून', 'शंभर मीटरांवरून'. दुर्मीळ पक्षी असेल, तर स्थळ खुशाल गाळावे. अंतर मात्र गाळू नये. चित्र पाहणाऱ्या मुलाला तो खंड्या हाताशी आहे असे वाटते, आणि मग हाती साधा मोबाइल घेऊन ते मूल खरोखरीच हाताच्या अंतरावर जाऊ पाहते. चित्राने केलेली ही फसवणूक चित्राखालच्या एका ओळीने दूर होईल.

अंतर किती असावे, हे गजाने मोजून सांगता येणार नाही. ते पक्षीच सांगतो. तो चरत असेल आणि तुम्हांला पाहूनही चरत राहिला, तर अंतर ठीक आहे. त्याने चरणे थांबवून मान उंच केली, तर तेथेच थांबावे. तो चालत दूर जाऊ लागला, तर आपण फार पुढे आलो आहोत, असे समजून मागे सरावे. उभ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाचे भय त्याला कमी वाटते, आणि थांबलेल्या मोटारीचे तर पुष्कळदा वाटतच नाही.

मोठे भिंग सर्वांनाच परवडणारे नाही, आणि ते नाही म्हणून खंत करण्याचेही कारण नाही. टेलिफोटो भिंगात एक उणीव असते, तिची चर्चा फारशी होत नाही. ते पक्षी तेवढा टिपते आणि भोवतालचे सारे धूसर करून टाकते. मागे शेत होते की तळे होते, झाड बाभळीचे होते की करंजाचे, हे त्या चित्रावरून कळत नाही. पक्षी जणू रंगीत पडद्यासमोर बसविल्यासारखा दिसतो. उलट, बांधावर बसून साध्या मोबाइलने घेतलेल्या चित्रात टिटवी तिळाएवढी येईल, बोट ठेवून दाखवावी लागेल, पण त्या चित्रात नांगरलेल्या रानाचे तास असतील, ओढ्याकाठची बाभळ असेल, दूर चरणारी म्हैस असेल, आणि या सगळ्यांच्या मधोमध ती अंड्यांवर बसलेली असेल, उठलेली नसेल.