वेतनश्रेणी निकालाला बांधू नका

‘पोरांना वाचता येत नाही, मग गुरुजींना पगारवाढ कशाची?’ हा सवाल गावच्या पारापासून मंत्रालयापर्यंत ऐकू येतो, आणि तो रास्तच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल पाचवीत जाऊनही अडखळत वाचत असेल, तर जाब विचारायलाच हवा. शासनाने त्यावर काढलेला तोडगा मात्र मुलांच्याच मुळावर येणारा होता.

२३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांना १२ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरच्या निवड वेतनश्रेणीला अट घातली: शाळांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘शाळासिद्धी’त शाळा अ श्रेणीची हवी, माध्यमिकला नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर हवा. शाळासिद्धीत मैदान, ग्रंथालय, स्वच्छतागृहही पाहिले जाई. ते बांधणे शिक्षकाच्या हातात नाही. त्याहून वाईट नववीची अट. दहावीची परीक्षा मंडळ घेते. नववीचा पेपर काढणारा, तपासणारा, गुण भरणारा शाळेतलाच शिक्षक. म्हणजे त्याची वेतनश्रेणी त्याच्याच लाल पेनावर ठरणार! जो खरे गुण देईल त्याचे नुकसान. जो वाढवून देईल त्याला श्रेणी, आणि कच्चे मूल कच्चेच दहावीत.

‘निकाल नको, प्रगती मोजा’ म्हणणारे अधिक विचारी आहेत. अमेरिकेत तेही झाले. मुलांच्या आधीच्या गुणांवरून पुढचे अपेक्षित गुण काढायचे आणि फरक शिक्षकाच्या नावे मांडायचा. न्यूयॉर्क राज्यातील चौथीच्या शिक्षिका शेरी लेडरमन यांना या सूत्राने एका वर्षी २० पैकी १४ गुण दिले, पुढच्या वर्षी १. २०१६ मध्ये न्यायालयाने तो १ गुण मनमानी ठरवून रद्द केला. आपल्याकडे तर बीडमधली कितीतरी मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांची ‘प्रगती’ कुणाच्या खात्यावर मांडणार?

तरीही ‘आमचे काही मोजूच नका’ हा काही शिक्षक संघटनांचा सूर मला मान्य नाही. मुलांचे शिकणे जरूर मोजा. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दुसऱ्या केंद्रातल्या, म्हणजे शाळांच्या दुसऱ्या समूहातल्या, शिक्षकांकडून. तो निकाल मदत कुठे पोचवायची हे ठरवण्यासाठी वापरा, पगारासाठी नको. शिक्षकाची पारख वर्गात बसून करा: पाठ ऐका, वह्या चाळा, मागच्या बाकावरच्या मुलीला भागाकार कुठे अडतो हे शिक्षकाला ठाऊक आहे का ते विचारा. केंद्रप्रमुखाचे खरे काम हेच. ते व्हायचे तर रिक्त पदे भरा आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या ओझ्यातून त्यांना सोडवा.

२०१९ मध्ये शासनाने शाळासिद्धी आणि निकालाची ती अट मागे घेतली आणि प्रशिक्षणाची अट ठेवली. पण प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र वर्गातले शिकवणे दाखवत नाही. म्हणूनच निकालाची अट रद्द व्हावी यासाठी लढलेल्या संघटनांनी आता वर्गात येऊन पाहणाऱ्या मूल्यमापनाची मागणी स्वतःहून शासनापुढे ठेवावी.