निःपक्षपाताची कसोटी

निःपक्षपातीपणाची ग्वाही नेहमी वंचितांकडूनच का मागितली जाते? उत्तरासाठी आम्ही कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्या चरित्राकडे वळतो.

१९२१ साली न्यू हेवन येथे एका आचाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मोटली यांनी, बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथूनच १९४६ साली कायद्याची पदवी मिळविली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी युक्तिवाद केलेल्या १० खटल्यांपैकी ९ जिंकले. १९६६ साली त्या संघीय न्यायाधीश झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

१९७५ साली स्त्री वकिलांना डावलल्याचा एक खटला त्यांच्यापुढे होता. न्यायाधीश कृष्णवर्णीय स्त्री आहेत, त्यांनी बाजूला व्हावे, अशी मागणी प्रतिवादींनी केली. मोटलींनी ती फेटाळली. वंश वा लिंग हीच अपात्रता ठरली, तर या न्यायालयातील एकही न्यायाधीश हा खटला ऐकू शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आम्हांस हा युक्तिवाद निर्णायक वाटतो. जन्म प्रत्येकालाच असतो. प्रस्थापितांचा मात्र कोणी विचारीत नाही. या शाळेतून उद्या न्यायासनावर बसणाऱ्या लेकरांनी आपला जन्म लपवू नये. निकाल मात्र पुराव्यावरच द्यावा.