रजा, एका दिवसाची

भगिनींनो,

"एकटीच? आणि कशाला?" रविवारी घारापुरीला निघाले तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारले. कामाला, मोर्चाला, मयतीला आपण एकट्या जातो, तेव्हा कोणी विचारीत नाही. विश्रांतीसाठी निघालो की मात्र कारण द्यावे लागते.

गेटवेहून लाँचने तासाभरात बेट आले. बहुतेक मंडळी त्रिमूर्ती पाहून माघारी फिरतात. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या टेकडीकडे तोंड करून मी त्रिशरण म्हटले. झाडाखाली भाकरी खाल्ली आणि चक्क झोपले. दुपारची झोप कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातील कामगारांसाठी पगारी रजेचा कायदा आणला. तो १९४५ साली झाला. विश्रांती ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे, हे त्यातून आपण शिकलो. पण घरातल्या बाईची रजा कोण मंजूर करणार? ती तिने मागावी आणि घरच्यांनी आनंदाने द्यावी.

संध्याकाळी परतले तर मुलांनी कुकर लावला होता. डाळ थोडी खारट होती, पण गोड लागली!

सोमवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवा.

जयभीम!