रुळावरच्या चपात्या आणि मुसाफिराचे खाते

८ मे २०२०. रमजानचा चौदावा रोजा, त्यात शुक्रवार. टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या, तरावीह घरीच चालली होती आणि जुम्म्याच्या नमाजेलाही बाहेर पडायचे नव्हते. सहरी करून, फजरची नमाज पढून मी पुन्हा आडवा झालो होतो. साधारण त्याच वेळी, पहाटे सव्वापाचच्या सुमारास, बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान रुळावर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातले हे लोक. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल म्हणून रात्रभर रुळाने चालले होते. रेल्वे बंद आहे, या समजुतीने थकून तिथेच आडवे झाले. वीसपैकी सोळा गेले.

दुपारपर्यंत तो फोटो माझ्या फोनवर आला. तुम्हीही पाहिला असेल. रूळ, खडी, चपला आणि विखुरलेल्या चपात्या. संध्याकाळी इफ्तारला दस्तरखानावर चपातीची टोपली आली, तेव्हा अम्मीने ती उचलली आणि आत नेऊन ठेवली. काही बोलली नाही. त्या दिवशी आम्ही खजूर आणि भातावर रोजा सोडला.

दुसऱ्या दिवसापासून हिंगोलीत जे झाले ते मी विसरणार नाही. नांदेडकडून अकोल्याच्या दिशेने चालत जाणारे लोक त्याआधीही दिसत होतेच. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे. आम्ही खिडकीतून बघत होतो आणि खिडकी लावून घेत होतो, कोरोनाची भीती होती. फोटो आला आणि खिडक्या उघडल्या. पातेली मोहल्ल्यातली, तांदूळ मोंढ्यातल्या एका सेठचा, वाटप करायला गणपती मंडळाची पोरे. रोज खिचडी शिजली. ईदपर्यंत हे चालले. ईद झाली आणि पातेली घासून परत गेली. जूनमध्येही लोक चालत होते, कमी झाले होते एवढेच. जूनमध्ये खिचडी नव्हती.

यात लाज वाटण्यासारखे काही आहे का, यावर मी बराच विचार केला. एवढे कळले की माणसांचे असेच होते, आणि सगळीकडे होते. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानात बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर अलान कुर्दी या चिमुकल्या सिरियन मुलाचा मृतदेह वाहत आला. लाल शर्ट, पायात बूट, तोंड वाळूत. निलुफर देमिर या छायाचित्रकार बाईंनी तो फोटो काढला आणि जग हादरले. स्वीडनच्या रेड क्रॉसकडे सिरियन निर्वासितांसाठी रोज जमा होणारी रक्कम त्या आठवड्यात पन्नास पटींहून जास्त वाढली. नंतर अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा सुमारे सहा आठवड्यांत ती पुन्हा खाली आलेली दिसली. सिरियाचे युद्ध त्याआधी चार वर्षांहून अधिक काळ चालू होते आणि मेलेल्यांचे आकडे लाखांत गेले होते. आकड्यांना जे जमले नाही ते एका लेकराच्या बुटांना जमले, पण सहा आठवडेच. आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला हंगेरीने सर्बियाच्या सीमेवरचे कुंपण बंद केले. फोटो ताजा होता, तरी कुंपण थांबले नाही.

आपले मजूर कागदोपत्री निर्वासित नव्हते. ते आपल्याच देशात होते आणि त्यांना आपल्याच घरी जायचे होते. पण रस्त्यावर पाणी मागायला थांबलेल्या माणसाला बघून हा फरक कुणाला कळणार होता?

फोटो निरुपयोगी असतात असे मात्र मी म्हणणार नाही. करमाडनंतर आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयासमोर मजुरांसाठीची एक याचिका आली. लोक रुळावरच झोपत असतील तर कुणी कसे अडवणार, अशा अर्थाचा शेरा देऊन न्यायालयाने ती फेटाळली. २६ मे रोजी त्याच न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि वर्तमानपत्रे व इतर माध्यमे मजुरांचे हाल सतत दाखवत आहेत, असे कारण नोंदवले. दोन दिवसांनी आदेश निघाला की मजुरांकडून रेल्वेचे किंवा बसचे भाडे घेऊ नये. रोज पानापानावर येणाऱ्या त्या छायाचित्रांनी एवढे तरी केले. पण सप्टेंबरमध्ये संसदेत विचारले गेले की घरी परतताना किती मजूर मेले. सरकारचे उत्तर होते, अशी माहिती ठेवलेली नाही. फोटो हजारो निघाले होते, पण मोजणी कुणी केली नव्हती.

आता थोडे कडू बोलतो. या पानाचे वाचक सगळ्या घरांतले आहेत, म्हणून इथेच बोलायला हवे. आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाझातल्या लेकरांचे फोटो येतात. माझ्या हिंदू मित्रांच्या ग्रुपवर बांगलादेशातल्या हिंदूंच्या जळलेल्या घरांचे, काश्मिरी पंडितांच्या जुन्या छावण्यांचे येतात. दोन्हीकडे दुःख खरे असते. दोन्हीकडे त्यात अधूनमधून भलत्याच देशातला, भलत्याच वर्षाचा फोटोही मिसळलेला असतो, आणि तो तपासायची कुणाला गरज वाटत नाही. एका ग्रुपवरचा फोटो दुसऱ्या ग्रुपवर जात नाही, ही गोष्ट मला जास्त खटकते. मीही आजवर एकदाही पाठवलेला नाही. रुळावरच्या चपात्यांचा फोटो मात्र त्या दिवशी दोन्हीकडे फिरला. ते मजूर ना या ग्रुपचे होते ना त्या, म्हणून असेल. किंवा चपातीवर कुणाचे नाव लिहिलेले नसते म्हणून.

आणि रमजानात दुसरी एक फोटोगिरी चालते, तिच्याबद्दलही लिहितो. रेशनच्या किटसोबत उभी केलेली विधवा बाई, बाजूला किट देणारे पाच जण, मागे फ्लेक्स. दान असे द्यावे की उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या बाईच्या लेकराच्या वर्गमित्रांना तिचा चेहरा ग्रुपवर दिसतो. ज्याला दुःखाचा पुरावा म्हणून फोटो हवा आहे, त्याने पुढच्या वर्षी फक्त पोत्यांचा फोटो काढावा.

माझे वडील, अब्बा, जकातीचा हिशेब एका लाल वहीत लिहायचे. इतर धर्मांच्या वाचकांसाठी सांगतो: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा अडीच टक्के भाग द्यावाच लागतो. मन भरून आले की नाही, हा प्रश्नच त्यात येत नाही. कुराणात तो कुणाकुणाला द्यायचा याचे आठ प्रकार सांगितले आहेत. गरीब, कर्जात बुडालेला वगैरे, आणि शेवटी इब्न-उस-सबील, म्हणजे वाटेवर अडकलेला मुसाफिर. जकात बिगरमुस्लिमाला चालते का, यावर उलेमांत मतभेद आहेत. सदका कुणालाही देता येतो, त्यावर वाद नाही. म्हणून अब्बा वहीच्या मागच्या बाजूला सदक्याचे वेगळे पान ठेवत आणि त्यावर पहिली ओळ ‘मुसाफिर’ अशी असे. दरमहा थोडी रक्कम. महिन्यात कुणी भेटले नाही तर ती पुढे ओढायची, मोडायची नाही. त्याच वहीत १९७१ चे एक जुने पाकीट आहे. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट. बांगलादेशातून सुमारे एक कोटी माणसे आली होती आणि सरकारने टपालावर ते सक्तीने लावले होते, ते १९७३ पर्यंत चालले. सीमेवरचे रघू राय यांचे फोटो ज्यांनी कधी पाहिले नाहीत, त्यांनीही ते पाच पैसे भरले.

अब्बा गेल्यावर वही माझ्याकडे आली. २०२० च्या मे महिन्यात त्या ओळीपुढे माझ्या हातची मोठी रक्कम आहे. जूनपासून पुढे कोरे.

दिवाळीनंतर सेनगाव, औंढा, कळमनुरीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, आजारी म्हातारा, सगळा संसार. उन्हाळा लागला की परततात. त्यांचा फोटो कधी गाजला नाही, कारण एका दिवसात काही घडत नाही, दरवर्षी थोडे थोडे घडते. परवा पहिल्या तरावीहनंतर वही काढली आणि मुसाफिराच्या ओळीपुढे या महिन्याची रक्कम लिहिली. आजीआजोबांजवळ मागे ठेवलेल्या लेकरांच्या वह्यापुस्तकांसाठी ती सेनगाव भागातल्या एका गुरुजींकडे पोचवायची आहे. पुढच्या महिन्याचीही लिहायची आहे, तेव्हा रमजान संपलेला असेल.