छडी, बंदी आणि धर्मशिक्षक

धर्मग्रामांतील सभांमधून अलीकडे एकच तक्रार आमच्या कानी येते : मुले हाताबाहेर गेली. उपायही ठरलेला : मोबाइल काढून घ्या, धर्मशिक्षकांकडून दोन छड्या द्या. या उपायावर आमचा मुळीच विश्वास नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी पुडी कोठे मिळते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांची यादी दिली आहे. तिच्या शेवटी इंद्रियदमन येते. फळ म्हटले की पाणी आले, राखण आली. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानेही शुचितेसाठी आत्मसंयमनाची उमेदवारी करावी लागते, असे म्हटले आहे. उमेदवारी म्हणजे काय, ते सुताराच्या पोराला विचारावे. लाकूड बिघडते, वस्ताद शेजारी उभा राहून पुन्हा रंधा हाती देतो.

असे वस्ताद नगर जिल्ह्याने पाहिले आहेत. केंदळ, संगमनेर, राहाता येथील मिशनकेंद्रांतून येशूसंघीय धर्मगुरू खेडोपाडी फिरत. गावात मुक्काम असे तो मास्तरांचा. शाळा, सायंप्रार्थना आणि कोणाचा मुलगा कोणत्या पारावर बसतो याची खबर, सारे त्यांच्याकडे. आज ते काम आम्ही रविवारच्या मिस्सेनंतरच्या एका तासावर ढकलले आहे. दृढीकरण झाले की तोही संपतो. ज्या वयात राग आणि वासना उफाळतात, नेमक्या त्याच वयात शिक्षक अदृश्य!

घरी शिस्त लावा, असे म्हणणे सोपे. पाथर्डी-शेवगावकडचे आईबाप ऊसतोडीला महिनोन्महिने बाहेर असतात. मागे राहिलेल्या पोराने कोणाकडे पाहायचे?

पाठ केलेली प्रश्नोत्तरे संतापलेल्या मुलाच्या कामी येत नाहीत. चिथावणीच्या संदेशाला उत्तर रात्री नव्हे, सकाळी द्यावे. घसरलो तर तोंड न लपवता पापनिवेदनाला जावे. हे त्याला कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. आणि हाती छडी असलेल्यापाशी मन कोण मोकळे करील?

१० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचे सेवापद अधिकृतपणे स्थापन केले. आम्ही मात्र सणाच्या मंडपाला सढळ हाताने वर्गणी देतो आणि धर्मशिक्षकाच्या प्रशिक्षणाचा, प्रवासखर्चाचा विषय निघाला की हिशेब मांडतो. तो खर्च धर्मग्रामाने उचलावा. दृढीकरणानंतरही अठराव्या वर्षापर्यंत वर्ग चालू ठेवावेत. आणि वडील मंडळींनी मुलांना वर्गाला सोडायला येताना तंबाखूची डबी घरीच ठेवावी.