परीक्षार्थी ही शिवी नाही

दहावीच्या निरोप समारंभात एक वाक्य ठरलेलं असतं. सरस्वतीच्या फोटोला हार घालून होतो, शाल-श्रीफळ होतं, आणि मग प्रमुख पाहुणे माइक पुढे ओढून म्हणतात, "मुलांनो, विद्यार्थी व्हा, परीक्षार्थी होऊ नका!" जोरदार टाळ्या. मुलं समोशाची वाट बघत असतात, तीही वाजवतात.

मला या वाक्याचा मनापासून राग आहे. आज तो राग सविस्तर काढणार आहे, तेव्हा ज्यांना हे वाक्य प्रिय आहे त्यांनी (आमच्या घरातच तीन जण आहेत, त्यांनी नावं घेऊ नका म्हणून आधीच सांगून ठेवलंय) चहा घेऊन बसावं.

ऐकायला किती छान वाटतं, नाही? ज्ञानासाठी शिका, गुणांसाठी नको. पण पुढच्या पंधरा दिवसांत त्या मुलांना नक्की काय करायचंय? परीक्षाच द्यायची आहे ना? त्या परीक्षेवर अकरावीचं कॉलेज ठरणार, पुढे आणखी एका परीक्षेवर डिप्लोमा की डिग्री, सरकारी की खाजगी, फी पाच आकडी की सहा आकडी हे ठरणार. अशा वेळी 'परीक्षार्थी होऊ नका' म्हणणं म्हणजे पोहायला उतरलेल्याला 'पाण्याकडे लक्ष देऊ नकोस' असं सांगण्यासारखं आहे.

आणि गंमत बघा. हे वाक्य म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं मात्र आठवीपासून क्लासला असतात. तिथे दर रविवारी पेपर, दर पेपराची चिरफाड, कुठे किती मिनिटं गेली याचा हिशोब. घरात मोठा भाऊ इंजिनियर, आत्या प्राध्यापक, तेव्हा 'आधी सोपे सोडव रे' हे जेवताना कानावर पडतच असतं. म्हणजे परीक्षा द्यायची कला आमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीसारखी पिढीतून पिढीत जाते. आणि ज्याच्या घरी ही जमीन नाही, त्याला आपण भाषण देतो की जमिनीचा मोह वाईट!

आमच्या शेजारी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची मुलगी मागे दहावीला होती. अभ्यासाला कमी नव्हती, पहाटे चारला उठायची. पूर्वपरीक्षेत विज्ञानाच्या पेपरात शेवटचा पाच गुणांचा प्रश्न कोरा. येत नव्हता का? पाठ होता! पण दोन गुणांच्या एका प्रश्नाला तिने दीड पान लिहिलं होतं, कारण 'येतंय तर सगळं लिहावं' असं तिला वाटलं. दोन गुणांच्या प्रश्नाला दोनच गुण मिळतात, दीड पानाला साडेतीन मिळत नाहीत, हे तिला दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात कुणीही सांगितलं नव्हतं. तिचं ज्ञान कमी नव्हतं, तिच्याकडे ही माहिती नव्हती. माझ्या मते ही सरळ सरळ विषमता आहे, आणि आपण तिला तत्त्वज्ञानाचा मुलामा देतो.

आता अभ्यासाकडे येऊ, कारण तिथेही हाच गोंधळ आहे.

आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचन. पुन्हा वाचन. मग पिवळ्या मार्करने रंगवून पुन्हा वाचन. "माझी तीन रिव्हिजन झाली" म्हणजे तीनदा वाचून झालं. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि मूल खुशीत पुस्तक मिटतं. पण ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज बसस्टॉपवर दिसणारा माणूस चेहऱ्याने ओळखू येतो, म्हणून त्याचं नाव सांगता येतं का?

यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार सत्रांत तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर चित्र पालटलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना ६१. वाचणाऱ्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता, आणि दुसऱ्या गटाने साडेतीन वेळासुद्धा नाही! शिवाय आपल्याला पुढेही जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

हे वाचल्यावर मला एकदम अनेक घरांतले संवाद समजले. "अगं, काल रात्री सगळं येत होतं!" येतच होतं. काल रात्री.

२०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून त्यांची प्रतवारी लावली. वरच्या श्रेणीत दोनच बसल्या. एक, स्वतःची चाचणी घेणे. दुसरी, तोच अभ्यास एका बैठकीत न संपवता दिवसांच्या अंतराने वाटून करणे. मार्करने रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या श्रेणीत गेलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, हे तर एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. एकशेचाळीस वर्षं झाली, आपण अजून आदल्या रात्री नाईट मारतोय, म्हणजे ज्या झोपेत वाचलेलं पक्कं होतं तीच कापतोय.

म्हणजे करायचं काय? अगदी साधं. धडा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलं ते लाल पेनाने भरा. दोन दिवसांनी पुन्हा पुस्तक न उघडता लिहा. मग आठवड्याने. लाल रंग कमी होत जातो तो अभ्यास. खर्च शून्य, क्लास नको, ॲप नको. फक्त त्रास होतो, कारण आठवत नाही हे दर वेळी स्वतःला दिसतं. वाचनात तो त्रास नसतो म्हणूनच वाचन इतकं लोकप्रिय आहे :)

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. जे लोक परीक्षेला शिकण्याचा शत्रू मानतात ते परीक्षेचं एकच रूप बघतात, न्यायाधीशाचं. पण परीक्षा हे शिकण्याचं साधनसुद्धा आहे, आणि हाताशी असलेल्या साधनांपैकी सगळ्यात चांगल्या दोनांमधलं एक. जो स्वतःची परीक्षा वारंवार घेतो तो जास्त शिकतो. म्हणजे चांगला परीक्षार्थी झाल्यानेच मूल चांगलं विद्यार्थी होतं. पाहुण्यांच्या त्या वाक्यात दोघांना एकमेकांसमोर उभं केलंय, तेच मुळात चूक आहे.

आता परीक्षेच्या खोलीत काय करायचं ते. इथे तर नुसत्या भाकडकथांचं राज्य आहे.

पहिली भाकडकथा, 'वेळ पुरला नाही म्हणजे अभ्यास कमी'. अहो, भागाकार करा. दहावीला भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. विज्ञान किंवा गणिताचा एक पेपर ४० गुणांचा, दोन तास, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. पाच गुणांच्या प्रश्नाला पंधरा मिनिटं झाली की पेन उचलायचं आणि पुढे जायचं. कोणत्याही उत्तरातले पहिले गुण स्वस्त असतात आणि शेवटचा अर्धा गुण सगळ्यात महाग. अर्धवट लिहिलेला प्रश्न काही ना काही देतो, कोरा काहीच देत नाही. बोर्डाने २०२३ पासून आधी प्रश्नपत्रिका वाचायला मिळणारी दहा मिनिटं काढून शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. तेव्हा सुरुवातीची दोन-तीन मिनिटं तरी पूर्ण पेपर वाचायला आता आपणच राखून ठेवायला हवीत. घाबरलेलं मूल ती ठेवत नाही, ते पहिल्या प्रश्नावर तुटून पडतं. याचा सराव घरीच घड्याळ लावून करावा लागतो.

'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा', 'टीप लिहा' हे तीन वेगळे हुकूम आहेत. कित्येक मुलं तिघांनाही एकच पाठ केलेला परिच्छेद वाढतात. मागितली भाकरी, दिला भात. पोट भरेल, गुण मिळत नाहीत.

दुसरी भाकडकथा, 'उणे गुण असले की खात्री असेल तरच टिक कर'. आमच्या एका नातेवाइकांचा हा लाडका सल्ला आहे. काका, रागावू नका, पण हिशोब करून बघू. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला चार आणि चुकीला उणे एक. चार पर्यायांतून डोळे मिटून चार प्रश्न ठोकले तर सरासरी एक बरोबर, चार मिळाले, तीन चुकले, तीन गेले. तरी एक उरला! एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं कळलं तर अशा तीन प्रश्नांत सरासरी दोन गुण हाती राहतात. दोन पर्याय बाद करता आले तर दोन प्रश्नांत तीन. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीला एक तृतीयांश कापतात, तिथे आंधळा अंदाज सरासरीत शून्यावर येतो, म्हणून एखादा पर्याय बाद केल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि राज्याच्या सीईटीसारखे उणे गुण नसतील तिथे गोल कोरा ठेवणं म्हणजे निव्वळ दानधर्म. म्हणजे नियम परीक्षेप्रमाणे बदलतो, आणि माहितीपत्रक वाचणं हाही अभ्यासच आहे.

तिसरी, 'पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये'. क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विद्यापीठातले १५६१ पेपर तपासून बदललेली उत्तरं मोजली. चुकीचं खोडून बरोबर केलेली ५१ टक्के, बरोबरचं खोडून चूक केलेली २५ टक्के, बाकीची चुकीवरून चुकीकडे. तरी सगळ्यांना उलटंच का वाटतं? कारण हातात आलेलं उत्तर खोडलं ही हळहळ जन्मभर लक्षात राहते, आणि बदलून वाचलेला गुण कुणाच्याच लक्षात राहत नाही. तेव्हा उगीच चुळबुळ म्हणून नव्हे, पण कारण सापडलं तर बेधडक बदला.

आता मला माहीत आहे कॉमेंटमध्ये काय येणार. 'म्हणजे तू पण कोचिंग फॅक्टरीची बाजू घेतेस?' नाही हो. अपेक्षित प्रश्न पाठ करून बाकीचं पुस्तक फेकून देणं याला मी तंत्र म्हणत नाही, जुगार म्हणते. आणि तंत्र ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. ज्याला काहीच येत नाही त्याला वरचे सगळे हिशोब मिळून चार गुण देतील. पण ज्याला येतं त्याचं येणं कागदावर उतरवायला हेच तंत्र लागतं. गाणाऱ्याला माइकपासून किती लांब उभं राहायचं हे शिकवलं तर गाणं खोटं होतं का?

आणि परीक्षा सगळं मोजत नाही हेही मान्य. माणुसकी मोजत नाही, सुतारकाम मोजत नाही, विनोदबुद्धी तर अजिबातच नाही. ज्यांना परीक्षा बदलायच्या आहेत त्यांच्यासोबत मी मोर्चात येईन. पण मोर्चा यशस्वी होईपर्यंत या मार्चमध्ये बसणाऱ्या मुलीचं काय? तिला उद्याच्या सुधारणेचं भाषण द्यायचं की आजचं घड्याळ वापरायला शिकवायचं?

शाळांकडे माझी मागणीही छोटीच आहे. तासाची शेवटची पाच मिनिटं, पुस्तक बंद, तीन प्रश्न, गुण नाहीत. घटक चाचणीचे पेपर दाखवून लगेच गोळा करू नका, मुलांना घरी न्या म्हणा. बोर्ड आता शुल्क भरल्यावर उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं, मग शाळेला काय अडचण आहे? आणि एकदा तरी मुलांच्या हातात लाल पेन देऊन नमुना उत्तरं तपासायला लावा. तपासणाऱ्याच्या खुर्चीत अर्धा तास बसलेलं मूल पुन्हा दोन गुणांना दीड पान लिहीत नाही.

आणि नातेवाईक मंडळी, तुम्हाला एक वेगळी विनंती. मार्चमध्ये फोन करून "पेपर कसा गेला?" विचारू नका. गेलेला पेपर परत येत नाही, आणि उद्याच्या अभ्यासाचा एक तास मात्र जातो. त्याऐवजी डिसेंबरात जा. भाच्याच्या, पुतणीच्या, किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाच्या समोर जुना पेपर ठेवा, घड्याळ लावा, तीन तास शांत बसा, आणि मग त्याच्यासोबत बसून तो तपासा. तुमच्या पाकिटातल्या एकशेएक रुपयांपेक्षा हे त्याला जास्त उपयोगी पडेल. (पाकीटही द्याच.)

असो. निरोप समारंभांचा मोसम जवळ येतोय. आपल्यापैकी कुणाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं आलंच, तर एवढंच सांगा मुलांना: गुणाला किती मिनिटं ते काढून ठेवा, आणि आज रात्री पुस्तक मिटून लिहून बघा. टाळ्या कमी पडतील कदाचित. पडू देत.